बांध कोणाचा, खर्च कोणाचा

मांडवी आणि झुआरी या गोव्याच्या दोन मोठ्या नद्यांच्या काठी, मुखापासून पुष्कळ आतपर्यंत, अशी भातशेते आहेत की भरतीच्या वेळी नदीचे खारे पाणी त्यांच्यापेक्षा उंचावर असते. मध्ये असतो फक्त बांध. ही खाजन जमीन. तिसवाडी, बार्देश, सासष्टी, फोंडा अशा तालुक्यांत मिळून ती सतरा-अठरा हजार हेक्टर मानली जाते. समुद्र चढू लागला तर किनाऱ्यावरच्या गावांनी आणि धंद्यांनी काय करावे, हा प्रश्न आज मोठमोठ्या परिषदांत चर्चिला जातो. खाजनात भात लावणाऱ्याला तो प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पडत आला आहे. हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा विषय निघाला की भिंतीची उंची, यंत्रे आणि अनुदान यांवर बोलणे होते. खाजनाचा इतिहास वाचला की दुसरीच गोष्ट ध्यानात येते. बांधामुळे ज्याला मिळकत होते त्याच्याच पदरातून बांधाची डागडुजी निघत होती, तोवर ही जमीन शाबूत राहिली. मिळकत एकाकडे आणि खर्च दुसऱ्याकडे गेला तेव्हा ती खारी होऊ लागली, आणि त्यासाठी समुद्राला फारसे चढावेही लागले नाही.

आधी ही रचना चालते कशी ते पाहू, कारण पैशाची सगळी गोष्ट त्या रचनेतच दडलेली आहे. नदीकडचा बाहेरचा बांध चिकणमातीचा. लाटांचा मार लागतो तिथे त्याला जांभ्या दगडाचे अस्तर. त्याच्या पायथ्याशी नदीच्या बाजूला खारफुटी वाढू द्यायची, म्हणजे लाटेचा जोर तिथेच मोडतो. बांधात मोक्याच्या ठिकाणी मानस, म्हणजे चिऱ्यांच्या बांधकामात बसवलेली लाकडी झडपांची दारे. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब वरचढ ठरला की त्या उघडतात आणि पावसाचे पाणी नदीत निघून जाते. आत पोंय, म्हणजे शेतांमधून फिरणारा रुंद चर. मानस मिटलेली असताना पडलेला पाऊस या पोंयीत साठतो आणि शेत बुडत नाही. पोंयीच्या कडेने पुन्हा आतले छोटे बांध. पावसाळ्याचे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी जमिनीतले मीठ धुऊन काढते आणि त्यात कोरगुट, आसगो अशी खारेपणा सोसणारी भाते उभी राहतात. भात कापून झाले की काही खाजनांत मानस मुद्दाम उघडून खारे पाणी आत घेतात. त्या पाण्याबरोबर सुंगटे (कोळंबी), शेवटे, काळुंदर, चोणक आत येतात, वाढतात, आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. काही तुकड्यांवर उन्हाळ्यात मिठागरे. एकाच जमिनीवर ऋतू बदलेल तसे भात, मासे आणि मीठ अशी तीन उत्पन्ने निघतात, आणि पाणी किती खारे, किती गोडे, किती उंच हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात तिन्ही उत्पन्नांचा तोल असतो. मानशीची झडप हे म्हणूनच गावातले सर्वांत राजकीय लाकूड.

हे फार जुने आहे. फोंडा तालुक्यातल्या बांदोडा येथे मिळालेल्या, कोकण मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्मा राजाच्या ताम्रपटात खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे आणि समुद्राच्या पाण्याला बांध घालून ती लागवडीला आणण्याची अपेक्षाही. हा लेख साधारण सहाव्या शतकातला मानतात. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी बांध घालणे ही जमीन मिळण्याची अट होती. आधी कष्ट, मग हक्क. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि सोळा वर्षांनी, १५२६ मध्ये, महसूल खात्याचा प्रमुख अफोंसो मेशिया याने गावकारीचे, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या गावसंस्थेचे, चालत आलेले रिवाज लेखी नोंदवले. तो दस्तऐवज ‘फोराल’ म्हणून प्रसिद्ध आहे. राज्यकर्ते बदलूनही गावसंस्था मोडली नाही याचे श्रेय काही जण पोर्तुगीजांच्या उदारपणाला देतात. मला ते पटत नाही. बांधाखालची जमीन एका हंगामात खारी होऊ शकते, आणि खाऱ्या जमिनीचा सारा कोणी भरत नाही. बांध कोणी, केव्हा, कुठल्या मजुरांकडून दुरुस्त करायचा हे जाणणारी संस्था गावातच होती. ती मोडणे नव्या राजवटीला परवडणारे नव्हते. पुढे गावकारीला ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले, तिच्यावर सरकारी देखरेख वाढली, निरनिराळ्या संहिता आल्या. बांधाचे काम मात्र तिच्याकडेच राहिले.

या संस्थेचा हिशेब साधा आणि कडक होता. गावाची शेते ठरावीक मुदतीने लिलावाने कसायला दिली जात. मानशीवरच्या मासेमारीचा हक्कही लिलावाने जाई. या उत्पन्नातून आधी सरकारचा सारा, मग देवस्थान, गावसेवक, बांध आणि मानशी यांचा खर्च, आणि शेवटी उरेल ते गावकारांत वाटायचे. तोटा आला तर तोही त्यांच्यावरच पडायचा. पीक बुडाले म्हणून सारा चुकत नसे. यातली क्रमवारी महत्त्वाची आहे. नफ्याचा वाटा बांधाच्या खर्चानंतर येत असल्याने यंदा बांधावर काटकसर केली तर पुढच्या वर्षी आपलाच वाटा बुडणार, हे प्रत्येक वाटेकऱ्याला ठाऊक असे. बांधाखाली प्रत्यक्ष कसणाऱ्यांचाही एक संघ असे, त्याला भौस म्हणत. रोजच्या देखभालीचा आणि आतल्या बांधांचा भार तो उचलायचा. खेकड्याने पाडलेले भोक दिसले की ते त्याच ओहोटीत चिखलाने बुजवावे लागते, पुढच्या भरतीला त्याचे भगदाड झालेले असते. अशा कामाला मंजुरीची वाट पाहून चालत नाही. पाहणारा माणूस, चिखल आणि पैसा, तिन्ही बांधापासून हाकेच्या अंतरावर हवेत.

या हिशेबाला पहिला मोठा धक्का बाहेरून बसला, आणि तो शेतीला नव्हे तर धंद्याला. गोव्याचे मीठ घाट चढून वर देशात आणि जहाजांतून दूरवर जात असे. रायबंदर आणि पणजी यांना जोडणारा सतराव्या शतकातला लांब पूल-रस्ता खाजने आणि मिठागरे यांच्यामधूनच गेलेला आहे. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. त्यानुसार गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावरचे नियंत्रण ब्रिटिशांकडे गेले, मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वार्षिक रक्कम ठरली, आणि कितीतरी मिठागरे बंद पडली. १८९२ मध्ये करार संपला, पण गेलेली बाजारपेठ पूर्वीसारखी परतली नाही. करारनाम्यात बांधांचा विषय असण्याचे कारणच नव्हते. तरी बांधाच्या तीन पोशिंद्यांपैकी एक अशक्त झाला, असे मानायला जागा आहे. हवामानाची जोखीम दूरच्या राजधानीत सही झालेल्या व्यापारी कागदानेही वाढते, आणि आजच्या आराखड्यांत ही बाजू क्वचितच येते.

दुसरा धक्का आतून आणि चांगल्या हेतूने बसला, म्हणून त्याबद्दल बोलणे अवघड जाते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. मुख्यमंत्री बांदोडकरांच्या काळात, १९६४ मध्ये, कूळ कायदा आला आणि शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळे जमिनीची मालक मानली गेली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्याय्यच झाले. पण जमिनीबरोबर बांधही वाटून देता येत नाही. शेताचे तुकडे होतात, बांध अखंडच राहतो. एकाने आपल्या हद्दीत हयगय केली की शंभर जणांचे शेत बुडते. कोमुनिदादीची जमीन कुळांकडे गेल्यावर बांधावर खर्च करण्यात तिला काही स्वारस्य उरले नाही. कुळांच्या संघटनांसाठी १९७५ मध्येच नियम झाले होते, मामलेदाराच्या देखरेखीखाली संघटना उभ्या राहिल्या, बांध आणि मानशी त्यांच्याकडे आल्या, दुरुस्तीला सरकारी मदतही ठेवली गेली. कागदावर साखळी पुन्हा जुळली. प्रत्यक्षात एकेका कुळाकडे जमीन थोडी, तिच्यावर भात एकच, मजुरी चढी, आणि घरातली कर्ती माणसे नोकरीला किंवा आखातात. अशा घराला बांधावर वर्षाचे चार दिवस घालवणे परवडेनासे झाले. ज्याच्याकडे कर्तव्य आले त्याची मिळकतच त्या जमिनीवरून उठत चालली होती.

तिसरा धक्का नफ्याने दिला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कोळंबीला निर्यातीचा भाव आला आणि मानशीवरचा लिलाव, जो पूर्वी भाताच्या हिशेबातली एक बाजू होता, तोच मुख्य होऊन बसला. जॅनेट रुबिनॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या उलथापालथीवर २००१ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात कोळंबीला गुलाबी सोने म्हटले होते. लिलाव घेणाऱ्याचा करार थोड्या मुदतीचा. त्याला जास्तीत जास्त खारे पाणी, जास्तीत जास्त वेळ आत हवे असते. शेत पुढच्या जूनपर्यंत गोडे व्हावे यात त्याचा काही लाभ नाही. म्हणून झडपा वेळेवर मिटत नाहीत, पोंय खोल केली जाते, आणि पाणी आतल्या बांधांवर चढते. खारे झालेले शेत पडीक राहिले तर मत्स्यव्यवसायाला जागा वाढते, म्हणजे बांध फुटण्यात तोट्याऐवजी नफा दिसू लागतो. इतकी वर्षे चाललेल्या व्यवस्थेत अशी वेळ आली नव्हती की बांध फुटून पाणी आत शिरणे कोणाच्या तरी सोयीचे व्हावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये किनारपट्टीवरच्या कोळंबी प्रकल्पांवर निर्बंध घालताना परंपरागत पद्धतींना वगळले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य होते. पण मानशीवरचा बेहिशेबी लिलाव परंपरेचाच वेष घालून आला होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही जुन्या गावगाड्याची भलामण झाली. गावकार म्हणजे ठरावीक घराण्यांतले पुरुष. चिखल उपसणारे गावडे, कुणबी आणि भूमिहीन मजूर त्या वाटपात नव्हते. आक्षेप खरा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतल्या, गावसंस्थेवर १९४७ मध्ये निबंध लिहिला तेव्हा तिच्याकडे अर्थव्यवहार म्हणून पाहिले. आपणही तसेच पाहावे. मात्र उत्तरेला कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडात, याच प्रश्नाची दुसरी बाजू घडलेली आहे. पेण, अलिबाग या भागांतल्या खारेपाटात शिलोत्री पद्धत होती. शिलोत्रीदाराने बाहेरचा बांध राखायचा आणि त्याबद्दल कसणाऱ्यांकडून बिघ्यामागे ठरलेले भात घ्यायचे. म्हणजे तिथेही बांधाचा मोबदला ठरलेला होता. पण खोतीच्या अमलात खारी जमीन पिकाखाली आणण्याचे कष्ट कुळांचे आणि धान्याचा मोठा वाटा खोताचा, अशी स्थिती झाली. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी येथून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेते कसायचीच नाहीत असा संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला आणि डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. इतका दीर्घ संप ज्या जमिनीवर झाला ती खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली होती, हा योगायोग नाही. कष्ट करणारा आणि धान्य नेणारा वेगवेगळे असले की बांधाची व्यवस्था जमीनदारीतही मोडते आणि कूळ कायद्यानंतरही मोडते. म्हणून माझे म्हणणे जुने ते सोने या जातीचे नाही. गावकारी अन्यायी होती. तिने खर्च आणि मिळकत एका वहीत ठेवली, एवढीच तिची शिकवण उचलण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा. बांध फुटू द्यावेत, खारफुटी वाढेल, तीच किनाऱ्याचे खरे संरक्षण करते. काही ठिकाणी हे बरोबरही ठरेल. सगळी खाजने वाचवता येणार नाहीत आणि तसा हट्ट धरू नये. पण जुन्या रचनेत खारफुटी बांधाच्या बाहेर होती आणि भात आत. दोघांचीही जागा ठरलेली होती. बांध फुटून खारफुटी शेतात शिरली की पोंयीतून होणारा पावसाच्या पाण्याचा साठा आणि निचरा बिघडतो, कडेच्या विहिरी खाऱ्या होतात. वर झाडांना कायद्याचे संरक्षण असल्याने त्या शेतकऱ्याला परतीचा रस्ताही उरत नाही. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांची स्वतंत्र दखल घेतली होती. माघार घ्यायची तर ती गावाने ठरवून घ्यावी. हयगयीने झालेल्या माघारीला निसर्गसंवर्धन म्हणणे सोयीचे आहे, प्रामाणिक नाही.

तिसरे म्हणणे असे की आता हे काम सरकारचे आणि सिमेंटचे. गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून २०१८ पर्यंत जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली आणि अलीकडे ती वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या आसपास वाढते आहे; गावच्या चिखलाने याला काय होणार? पण ज्या बांधावर दरवर्षी माती चढते त्याला वर्षाचे चार मिलिमीटर जड नाहीत. दहा वर्षे ज्याच्याकडे कोणी फिरकले नाही त्या बांधावर ती सगळी वाढ एखाद्या वादळाच्या रात्री एकदमच येते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा अरबी समुद्राचा बदललेला स्वभाव सर्वांनी पाहिला. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मानशीत आहे. बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा खाली असेल तेवढाच वेळ झडप उघडते. समुद्र चढला की हा वेळ आखडतो, आणि पाऊस थोड्या तासांत खूप पडू लागला तर तेवढ्या वेळात तो बाहेर पडत नाही. बांध कितीही उंच केला तरी हा प्रश्न सुटत नाही. पोंयी रुंद ठेवाव्या लागतील, मानशींची उंची नव्याने ठरवावी लागेल, काही ठिकाणी पंप लागतील. हा खर्च गावाच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि तो सरकारनेच करावा. पण सरकारी निविदा खेकड्याचे भोक बुजवू शकत नाही. महाराष्ट्रात १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या कायद्याने खारबांधांची जबाबदारी शासनाकडे सरकत गेली, तशी गावाची बांधावरची रोजची नजर सैल झाली.

राहिला प्रश्न धंद्यांचा. मांडवी-झुआरीतून वर्षानुवर्षे लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी बांध झिजले, ही गावांची तक्रार जुनी आहे. खाजनांतून रेल्वेचे आणि महामार्गांचे भराव गेले. पणजीच्या आसपास खाजनांवर भर घालून वस्ती उभी राहिली; तिचे तळमजले आज ज्या बांधांच्या आड आहेत त्यांची नावेही तिथल्या रहिवाशांना माहीत नसतील. नदीवरच्या पर्यटनाच्या बोटी, हॉटेले, बांधकाम व्यावसायिक, रेल्वे, सगळे बांधाचा लाभ घेतात किंवा त्याची झीज करतात, आणि बांधाच्या वहीत यांपैकी एकाचीही रक्कम जमा नाही. जुन्या भौसेत बांधाखाली येणारा प्रत्येक जण वाटेकरी होता. आज बांधाखाली काँक्रीट आले तर त्यालाही वाटा बसायला हवा, आणि मानशीचा लिलाव घेणाऱ्याकडून शेत गोडे परत करण्याची अनामत घ्यायला हवी. कूळ संघटनांच्या वार्षिक सभेला जाणाऱ्यांनी यंदा एवढेच मागावे की लिलावात आलेली रक्कम आणि बांधावर झालेला खर्च हे दोन आकडे एकाच कागदावर शेजारी मांडून वाचून दाखवा. त्यासाठी समुद्र किती चढणार याचा नेमका अंदाज येईपर्यंत थांबण्याची गरज नाही.